सभेनंतरच्या खुर्च्या

प्रिय शिट्टी,

पन्नाशी आली तरी तुला मी याच नावाने हाक मारणार. दोन बोटं तोंडात घालून अख्खं मैदान गप्प करणाऱ्या मुलीला दुसरं नाव शोभत नाही.

तुझी चिठ्ठी आणि कोरा फॉर्म येऊन आठ दिवस झाले. माझी लेक तुझ्या युवक मंडळाच्या सभांना नेमाने येते, सगळे पांगले तरी खुर्च्या आवरायला थांबते, एकेक खुर्ची दोनदा पुसते, तेव्हा पालकाच्या जागी सही करून पाठव, असं तू हौसेनं लिहिलंस. फॉर्म मी कालपर्यंत कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. लेकीला ठाऊक नाही. एकाच गावात राहून पत्र लिहितेय याचं हसू येईल तुला, पण समोरासमोर बसलो तर मी विषय बदलीन. माझी खोड तुला माहीत आहे.

खुर्च्यांची युक्ती आपल्या वायरमनदादांची. दिवसभर खांबावर, संध्याकाळी मंडळात. सभासद जमवायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मागे लागायचे. ते म्हणाले, टाळ्यांवर जाऊ नकोस. सभा संपल्यावर खुर्च्या आवरायला कोण थांबतं ते बघ आणि त्याच्या हातात फॉर्म दे. वर्षभरात मी एकोणीस जण आणले आणि कॉलर ताठ करून हिंडले. त्यातली तू अकरावी. ‘सभासद का व्हायचंय’ या रकान्यात तू शेजारणीचं बघून ‘समाजसेवा’ लिहिलंस. मला दिसलं होतं. पण मला फॉर्म भरून झाल्याशी मतलब.

पुढे चौदा वर्षांनी तू माझ्या बाळंतपणात भेटायला आलीस आणि लेकीला मांडीवर घेऊन सहज बोलून गेलीस. तुझे वडील सातला घरी यायचे आणि आरडाओरडा सुरू व्हायचा. आपली सभा साडेसहाला संपायची. खुर्च्या आवरून तू घरी पोचेपर्यंत ते झोपलेले असायचे. मी बाळाच्या टोपीचं काहीतरी काढलं आणि विषय बदलला. मला आपलं वाटत होतं, तुला मी हेरलं. तू तर दोन तास कुठेतरी काढायचे म्हणून आली होतीस. नंतर मंडळ खरोखर तुझं झालं, तू ते इतकी वर्षं निभावलंस, त्याचा मला अभिमान आहे. त्या टोपीची मात्र अजून लाज वाटते.

भेटलीस की मी घरी सगळं ठीक असल्याचं सांगते. तसं नाहीये. चार महिने झाले, हे आणि मी एकमेकांशी बोलत नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. बाबांना सांग जेवायला वाढलंय, आईला विचार किल्ली कुठे आहे, एवढंच. मधे लेक, पोस्टमनसारखी. आवाज चढत नाही म्हणजे पोरीला त्रास नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. शनिवारी ती साडेआठला येते आणि सभा लांबली म्हणते. तुझी सभा अजून साडेसहालाच संपते, हे मला तुझ्या चिठ्ठीतून कळलं.

फॉर्म सोबत पाठवतेय. त्यावर यांचीही सही आहे. काल मी तुझी चिठ्ठी यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि सही केली. बोललो नाही, पण बराच वेळ एकाच टेबलाशी बसून राहिलो. फॉर्म तिला लगेच देऊ नकोस. मी तुला जे कधी विचारलं नाही ते तिला आधी विचार: घरी का जावंसं वाटत नाही? मला ती सांगणार नाही, तुला सांगेल. काय म्हणाली ते मला कळवलं नाहीस तरी चालेल. त्यानंतरही तिला मंडळात यायचं असेल तर खुशाल येऊ दे. घरचं आम्ही बघतो, पण वेळ लागेल. तोवर खुर्च्या जरा सावकाश आवरा.

तुझीच,
फॉर्मवाली