आतल्या बाजूचं हँडल

१२ मे, सकाळी ९
दुकानाच्या दाराचं मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत खाच पाडून बसवलेलं कुलूप, गेलं. किल्ली फिरते, आत काही हलत नाही. पट्टीवर ओरखडे. चोरच. धसईत बियाण्यांच्या दुकानांवर डोळा ठेवणारी टोळी आलेली दिसते. जयराम सुतार बघून म्हणाला, चोर कसला, तुमीच रोज कुलूप लावून तीन-तीनदा दार ओढता, त्यानं मोडलाय. सुतारांना सिक्युरिटीतलं काही कळत नाही.
त्याला काम देणार नाही. स्वतः करणार. दोन व्हिडिओ पाहिले. तासाभराचं काम.

१४ मे
जुनं लॉक काढलं. नवं खाचेत बसेना, म्हणून पटाशीनं खाच वाढवली. जरा जास्तच वाढली.
मागच्या खिडकीवर पत्रा ठोकला. चोराला आता एकच वाट, आणि त्या वाटेवर माझं कुलूप. बायको, अनिता, म्हणाली की दुपारी बाबा आत झोपतात, फवारणीच्या औषधांचा वास कोंडेल. वास चाळीस वर्षं आहे. दुकान बाबांनीच काढलं, त्यांना त्याचं काय!

१५ मे
लॉक बसलं! दार सोडलं की स्प्रिंगनं मिटतं आणि आपोआप लागतं. बाहेरून फक्त किल्ली, आतून फक्त हँडल. आतून किल्लीची सोय मुद्दाम ठेवली नाही. चोर शिरलाच तर बाहेर पडता कामा नये.
एक बारीकशी गोष्ट. दार सागाचं, जाड. हँडलचा लॉकमध्ये शिरणारा चौकोनी गज आखूड पडतोय. आतलं हँडल कधी धरतं, कधी नुसतंच फिरतं. व्हिडिओत याबद्दल काही नव्हतं, म्हणजे महत्त्वाचं नसावं.
संध्याकाळी म्हणालो, दुकान बंद करून येतो. बाबा केवढ्यानं खेकसले. बंद नाय बोलायचा रे, वाढवला बोल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले, पण ह्यात सूट नाही.
दुकान वाढवलं. दार तीनदा ओढून पाहिलं. पक्कं.

१८ मे
हँडल दहात चार वेळा धरतं. आज मी वीस मिनिटं आत अडकलो. अडकलो म्हणजे टेस्टिंग. शेवटी दाराखालून किल्ली सरकवली आणि समोरच्या गणू चहावाल्यानं उघडलं. आता अख्ख्या बाजाराला सांगत फिरतोय.
बाबांच्या हाताला हँडल एकदाही धरलं नाही. त्यांच्या हातात जोर राहिला नाही.
अनिता म्हणते, तो हँडल आधी नीट करा, मला भ्या वाटतं. उद्या मुरबाडहून लांब गज आणणार. नक्की.

१९ मे
गेलो नाही. भाताच्या बियाण्याला गर्दी. तात्पुरता उपाय केला: तराजूचं पाच किलोचं लोखंडी माप दाराशी लावून ठेवलं. दार मिटतच नाही, मग लागणार कसं? डोकं लागतं.

२३ मे, सकाळी १०
मुरबाडला निघालो. बाबा दुकानात. माप दाराशी. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात, सिक्युरिटी म्हणून. काळजीचं काहीही कारण नाही. अनिता तीनदा विचारून गेली म्हणून लिहून ठेवतोय. मीही निघताना दोनदा परत जाऊन माप बघून आलो. सवय असावी.

२३ मे, संध्याकाळ, मुरबाड, दवाखाना
बाबांनी माप उचललं.
उंबऱ्यात, आल्यागेल्याच्या पायाशी पडलेलं आज दिसलं त्यांना; ते तिथं कशाला आहे, हे मी सांगितलंच नव्हतं. चाळीस वर्षं दिवाळीला त्याची पूजा केली त्यांनी. उचललं, कपाळाला लावलं, गल्ल्याशेजारी ठेवलं. मागे दार मिटलं.
मी परतीच्या एसटीत होतो. दुपारी बाजार सामसूम; ठोकणं गणूला ऐकू आलं तोवर तास होऊन गेला होता. जयरामनं पहारीनं चौकट उखडली. बाबा दाराशीच पडले होते. आतलं हँडल निघून त्यांच्या मुठीत आलेलं.
धोका टळलाय, डॉक्टर म्हणाले. मी अनिताला म्हणालो, चौकट गेली पण कुलूप बघ, एक स्क्रू हलला नाही. ती उठून बाहेर जाऊन बसली. मी असं का म्हणालो मला माहीत नाही. भीती वाटली होती.

२६ मे
बाबांना घरी आणलं. लांब गज दाखवला. आता फिट बसेल, म्हणालो. खिडकीचा पत्राही काढतो. ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. तसेच म्हणाले, सुनील, दुकान बंद कर.
चुकून म्हणाले असतील, म्हणून थांबलो. त्यांनी शब्द बदलला नाही.
संध्याकाळी जयरामनं दाराच्या जागी आडव्या फळ्या ठोकल्या. सवयीनं हात पुढे गेला, पण ओढून बघायला दार नव्हतं.
दुकान बंद केलं.