दादाच्या टर्बोचा फिल्टर

१२ नोव्हेंबर
शाळेतून येताना हेर्ल्याजवळ गाडी आचके द्यायला लागली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मागच्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने शिव्या दिल्या, पुढे जाताना बाई बघून गप्प झाला. कशीबशी कोल्हापुरात आणली.
गाडी दादाची. तो श्रावणात काविळीने गेला, तेव्हापासून हातकणंगल्याला जायला-यायला मीच चालवते. विकायचं कुणी बोललं नाही. मीही नाही.
आई फाटकात, नेहमीसारखी. चहा गॅसवर.

१३ नोव्हें.
यासीनभाईंच्या गॅरेजला सोडली. दादा यांच्याकडेच यायचा. इंजिनच्या हवेच्या फिल्टरला बोट लावून त्यांनी वास घेतला. "ताई, ह्याला शेंगतेल कुणी पाजलंय?"
दादाने कंपनीचा कागदी फिल्टर डब्यासकट काढून हा उघडा, कापडी बसवला होता. हा धुवायचा, वाळवायचा, मग त्याचंच वेगळं तेल थेंब-थेंब सोडायचं. रविवारी धुवून गच्चीत ठेवला होता. सोमवारी घाईत बसवला. हाताला तेलकट लागलं, तर म्हटलं लावलं असेल आपणच. हल्ली माझं मला आठवत नाही.
घरी येऊन आईला विचारलं.
"व्हय, लावलं की मी. तू कोरडाच ठेवलास. बाळू कसा लावायचा बघितलंय मी. चांगलं वाटीभर लावलं."
बाळू म्हणजे दादा. तो असता तर गच्चीतच लोळून हसला असता. मी पण हसले, बहुतेक. गाडी बिघडली हे तिला सांगितलं नाही.

१५ नोव्हें.
तेल आत ओढलं जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं होतं. तो साफ झाला. फिल्टर मात्र गेला. नवीन कुठला, ते मी ठरवायचं.
यासीनभाई : "कागदीच घाला. दररोज ट्रॉल्यांच्या मागनं जाताय. ह्या उघड्यातनं बारीक धूळ आत जाती, इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोची पाती झिजत्यात. आत्ताच थोडी झिजल्यात."
"आणि आवाज?"
"आवाज न्हाय यायचा. डब्यात बंद की."
आवाज म्हणजे, वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की टर्बो हवा सोडतो तो. मोठा सुस्कारा टाकल्यासारखा. दादाला त्याचं कोण कौतुक. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तो आवाज येतोच, आणि आई फाटकात येते.
उद्या सांगते म्हटलं.

१६ नोव्हें.
शाहूपुरीत विकीच्या दुकानात. दादाचा शाळेपासूनचा मित्र, गाड्यांचं सामान विकतो.
"कागदी? रिक्षा करायची हाय का तिची? अख्खी गल्ली वळखती बाळ्याच्या गाडीला."
मग तो एकदम थांबला आणि उगाचच खोकी इकडची तिकडे करायला लागला. तिसरा पण एक प्रकार आहे म्हणाला, कापडी, पण डब्यात बसणारा. त्याला आवाज नाही. मग काय उपयोग.
कागदी घेतला. उघडा पण घेतला. पोरांना वर्गात एकच उत्तर लिहा म्हणून ओरडते, आणि स्वतः हे.

१७ नोव्हें.
शेवटी विचारलंच. गाडीचा आवाज आला की दादा आला असं वाटतं का गं तुला?
आई भाजी निवडत होती. "येडी हाईस काय? त्यो गेला, ठावं हाय की मला."
मग मेथीकडे बघतच : "कोपऱ्यावर आवाज आला की चहा टाकायचा, एवढं हाताला कळतंय. तेवढंच."
मेथीची भाजी केली.

१८ नोव्हें.
गाडी आणली. कागदी घातलाय, डब्यासकट. यासीनभाई म्हणाले, बाळूचीच गाडी टिकवायची तर हेच. पटलं. पटायला काही लागतच नाही हल्ली, कुणी काहीही सांगावं.
विकीचा उघडा खोक्यातच, मागच्या सीटवर.

१९ नोव्हें.
गाडी छान चालते. कोपऱ्यावर पाय उचलला. काही नाही.
फाटकात कोणी नाही. स्वयंपाकघरात गेले तर आई दचकली. "कवा आलीस तू?"
चहा मी केला. आईने अर्धाच घेतला.

२१ नोव्हें.
आता आई मी यायच्या आधीपासून पायरीवर बसून असते. संध्याकाळचा गारठा, अंगावर शाल नाही. आत बस म्हटलं तर म्हणाली, "आत बसून कळत न्हाय."
कोपऱ्यावर हॉर्न देते म्हटलं.
"हॉर्न काय, भंगारवाला बी देतो."

२४ नोव्हें.
मीटिंग होती, उशीर झाला. कोपऱ्यावर गाडी थांबवून इंजिन बंद केलं. का, माहीत नाही.
आई पायरीवर. रस्त्याकडे बघतच नव्हती. मान एका बाजूला कलवून बसली होती, दादाला उशीर झाला की बसायची तशी. मी समोर होते आणि तिला कळलं नव्हतं.
दादा गेल्यावर रडले नाही, ते रडू आता येईल असं वाटलं. नाही आलं. फक्त मागच्या सीटवर हात गेला, खोक्यावर. बराच वेळ तसाच होता.
यासीनभाईंना फोन लावला, उघडा परत बसवाल का विचारलं. ते गॅरेज बंद करायला आले होते. म्हणाले, "पट्टी आवळायचीय नुसती, आणा. पण टर्बो फार दिवस काढायचा न्हाय ताई, ते बघा."
फार दिवस म्हणजे किती, विचारलं. ते म्हणाले, "ते कसं सांगू?"
बघते म्हणून ठेवला. मग गाडी सुरू केली आणि काच खाली करून पायरीपर्यंत आले. तेव्हा आईने वर बघितलं.
उद्या शाळा सकाळची आहे. दुपारी गॅरेज उघडं असतं.