मीनलचं यंत्र आणि आमचे जिने

अंबरनाथ,
१२ फेब्रुवारी १९९५

तीर्थरूप ताईस,

धाकट्या गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, तेव्हा दोन अंगं कमी धर). तुझी दाढ आता छळत नसावी. भाऊजींचा खोकला गेला का?

तुझ्या मीनलच्या प्रबंधापायी आमच्या घरात जे झालं, ते तिच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. गेल्या महिन्यात ती काडेपेटीएवढी दोन यंत्रं घेऊन आली. एक मला, एक कुंदाला. आठवडाभर पट्ट्याने कमरेला बांधायची, फक्त अंघोळीला काढायची. माणूस किती आणि किती जोरात हलतो, हे ती मिनिटामिनिटाला टिपतात म्हणे. मी निर्धास्त होतो. कारखान्यात तीन शेड माझ्याकडे, दिवसभर फिरतीच असते (म्हणजे शेडमधली माणसं माझ्या टेबलाशी येतात).

गेल्या रविवारी मीनल आलेख घेऊन आली. म्हणाली, चाळीस जणांत मामा पहिला. मामी मात्र फार बसून असते, तिने चालायला हवं. ताई, मला इतका आनंद झाला की मी पेढे आणले, शेजारच्या दौलतरावांना बोलावून आलेख दाखवला आणि कुंदाला व्यायामाचं महत्त्व अर्धा तास समजावलं. ती कॅम्प दोनच्या दुकानांतून आणलेल्या साड्यांना फॉल लावत ऐकत होती. मग चष्मा पुसून तिने आलेख घेतला आणि पहाटेच्या उंच रेघांवर बोट ठेवलं.

"मीनल, पाच वाजता खाली नळ येतो. मी तीन मजले बारा वेळा चढते. तेव्हा हे घोरत असतात."

पहिल्याच दिवशी अंघोळीनंतर पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. दौलतराव पेढा तोंडात तसाच धरून घरी गेले. मीनल रडकुंडीला आली, पण कुंदाला हसू फुटलं, मग मीनलला, शेवटी मलाही. नावं बदलली की आलेख बरोबरच होता. आता मामी पहिली.

दुसऱ्या दिवसापासून पाणी मी भरतो. चौथ्या खेपेला पायरीवर बसलो, तर कुंदा वरून दोन कप चहा घेऊन उतरली आणि शेजारी टेकली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, जिन्यात बसून चहा आम्ही पहिल्यांदाच प्यायलो. फार बरं वाटलं, ताई.

तुझा,
गुरुदत्त

ता.क. कुंदा शनिवारी पंधरा दिवसांसाठी तुझ्याकडे येते आहे. तिला कपबशीसुद्धा विसळू देऊ नकोस.

आणखी ता.क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. भाताला कुकरच्या शिट्ट्या किती, आणि पाणी तांदळात घालायचं की कुकरच्या तळाशी, ते उलट टपाली कळव. कुंदालाच विचारलं असतं, पण मला सगळं येतं असं तिला सांगून बसलोय.