पाठीवरची धार

३१ ऑक्टो., शुक्र.
विद्याचा फोन. ह्यांची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतःच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. ८ तारखेला, शनिवारी, येऊन शंखांची पेटी म्युझियमसाठी नेणार. काचबिंदूने नजर गेल्यापासून हे असे हसले नव्हते.
कच्छातून आणलेले एकोणीस शंख, कोट्यवधी वर्षांत दगड झालेले. वेटोळी सगळ्यांची सारखीच. बारांची पाठ गोल, ती जात आधीच माहीत होती. सातांच्या पाठीवर बारीक धार. ती वेगळी जात, असं ह्यांनी शोधून छापून आणलं. मी चक्र पाहून हात जोडले की म्हणतात, "तुले सगळीकडे शाळिग्रामच दिसते वं."
तुळशीच्या लग्नासाठी देव नि तांब्याची भांडी चिंचेच्या पाण्याने उजळली. पाणी उरलं, फेकणं जिवावर आलं. शंखही कळकटले होते. तेच टाकले त्यात.

२ नोव्हें., रवि.
शंख काढले. दोन दिवस बुडबुडे येत होते, म्हटलं मळ निघून राहिला. नारळाच्या शेंडीने घासले. सात वेगळे, बारा वेगळे, जागच्या जागी ठेवले. लोण्यासारखे गुळगुळीत झाले.
संध्याकाळी तुळशीचं लग्न. हे म्हणाले, "नवरदेव दगडच, माझ्यासारखा." शेजारच्या बाया हसल्या.

४ नोव्हें., मंगळ.
हे पेटी मांडीवर घेऊन बसले. सातही चाचपले. पुन्हा चाचपले.
"धार कुठे गेली वं?"
मी कणीक मळत होते. म्हटलं, बोटं बधिर झाली असतील.
ह्यांनी माझ्या बांगडीच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. कड लागली. मग जेवले नाहीत.

५ नोव्हें., बुध.
वरणात लिंबू पिळताना ओट्यावर थेंब सांडले. कडाप्प्यावर पांढरा डाग. हाही दगडच. लिंबू काय, चिंच काय, आंबट दगड खातंच. इतकी वर्षं ओटा जपला नि शंखांच्या वेळी…
जपाला बसले. माळ तिसऱ्या मण्यावरच राहिली.

६ नोव्हें., गुरु.
सांगायचं ठरवूनच चहा नेला. तेच आधी बोलले. "तेव्हा डोळे होते ना, म्हणून फसलो. जे पाहायचं होतं तेच दिसलं."
म्हटलं, अहो, छापलेले फोटो आहेत ना.
"सावली पडली असन."
माझ्याकडून विद्यासाठी पत्र लिहून घेतलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. जाती दोन नाहीत, एकच आहे. माझं छापलेलं चुकीचं धरावं. सहीसाठी मीच हात धरून कागदावर टेकवला. सही वाकडी आली.

७ नोव्हें., शुक्र.
दुपारी माझा हात ओढून शंखावर ठेवला. "तुझी बोटं चांगली आहेत. सांग, लागते का धार?"
"नाही."
खरंच लागत नव्हती.
"हं. तू कशाले खोटं बोलशील."
पेटी स्वतःच बंद केली. कडी चाचपडत लावली.
विद्या उद्या दहाला येईल. पत्र पाकिटात घातलं आहे. पाकीट अजून चिकटवलं नाही.