बागबाजारचा बर्गी

३ जानेवारी. सकाळी ७.
वही, माफ कर. बारा दिवसांत एक ओळ नाही. कलकत्त्याच्या थंडीने बोटं चालत नाहीत. भीतीचा काही संबंध नाही.

बागबाजारच्या या घरात वरच्या मजल्यावर घरमालकीण सुचरितादी. त्यांची चार वर्षांची नात तुतुल मला जिन्यात पाहिलं की भोकाड पसरते. आज तिसऱ्यांदा. महिनाअखेरीस भाडेकरार संपतोय. माझ्यापायी मुलाचं घर जाणार. अजेय म्हणतो, बाबा, पोरं रडतातच. त्याला टेन्शन म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

४ जानेवारी.
कारण सापडलं. चहाच्या टपरीवर एका बोसबाबूंनी गाव विचारलं. मराठी म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. अरे बापरे, बर्गी! मग हसून हसून त्यांचा चहा सांडला. पावणेतीनशे वर्षांपूर्वी मराठा घोडेस्वार बंगाल लुटायला यायचे, ते बर्गी. त्यांच्या धास्तीने इथे खंदक खणला. आजही बर्गीची भीती घालून पोरं झोपवतात म्हणे.

मीही हसलो. घरी येईपर्यंत पाचदा मागे वळून पाहिलं.

दुपारी.
आरशात नीट पाहिलं. सदतीस वर्षं बँकेत शिपाई होतो, माझ्याकडे पाहून कुणी दचकल्याचं आठवत नाही. पण नजरेत जरब आहे. रक्तातच असणार. बायकोला, शकुनला, एवढ्या संसारात कशी दिसली नाही? ती कऱ्हाडला, लेकीकडे. विचारायचं राहिलं.

६ जानेवारी.
मिशी काढली. इथल्या म्हाताऱ्यांसारखी माकडटोपी घेतली. आता बर्गी ओळखू येणार नाही. जिना भिंतीला चिकटून, चपला हातात घेऊन उतरायचा. वळणावर आधी डोकावायचं. प्लॅन पक्का.

९ जानेवारी.
वळणावर मी डोकावलो, तेव्हाच तुतुलही डोकावली. दोघेही ओरडलो. मी आधी. तिला सावध करायला.

१२ जानेवारी. दुपारी ४.
सुचरितादींनी अजेयला वर बोलावलंय. संपलं. बॅग भरून ठेवली. सूनबाई म्हणाली, बाबा, निदान जेवताना तरी टोपी काढा.

संध्याकाळी ७.
अजेय हसतच खाली आला. करार डिसेंबरातच वाढवला होता, मला सांगायचं राहून गेलं. बोलावणं माझ्यासाठी होतं. तुतुलने आजीला सांगितलंय, खालचे दादू, म्हणजे आजोबा, सारखे मागे बघत पळतात. त्यांच्या मागे काहीतरी लागलंय. ते वर आलं तर? म्हणून ती रडते. बर्गी कोण, तिला माहीतही नाही. सुचरितादी म्हणाल्या, बिचाऱ्यांना एकट्याने भीती वाटते, तुमच्या आईंना बोलावून घ्या.

भीती? मला?

शकुन फोन उचलत नाही. मेसेज पाठवला, तो इथे उतरवून ठेवतो : इथे तुतुल नावाची लहान मुलगी फार घाबरते. तिच्यासाठी तुझं येणं गरजेचं आहे. मी ठीक. कोणत्या गाडीने निघतेस ते आजच कळव. लगेच कळव.