नव्या शर्टाच्या घड्या

शनिवार, फेब्रुवारी २००६

आमच्या भूगोल विभागाला आज विद्यापीठाचा उत्तम अध्यापनाचा पुरस्कार मिळाला, आणि घरी आल्यापासून माझं ताट तसंच झाकून ठेवलंय.

समारंभाला संदीप नवा शर्ट घालून आला होता, पाकिटातल्या घड्या तशाच. आमच्याकडे तासिकेवर शिकवतो तो. पण मुलांना निजामपुऱ्यातल्या गल्ल्यांतून पायी फिरवून त्या गल्ल्यांचा नकाशा काढून घेतला त्यानेच. समिती खूश झाली ती त्या नकाशावर. अर्जात मात्र फक्त कायम शिक्षकांची नावं मागितली होती. मी विभागप्रमुख, मी तेवढीच लिहिली. वर एकदा विचारून बघायला काय झालं होतं मला?

स्टेजवर एकेकाचं नाव पुकारलं. शेवटच्या नावानंतर तो अर्धवट उठला आणि शर्ट नीट केल्यासारखं करून परत बसला.

फोटोच्या वेळी म्हणाला, "द्या मॅडम कॅमेरा, मी काढतो." मग हळूच, "आईला आणणार होतो गावाकडनं, पूर्ण्याहून. बरं झालं, न्हाय आणलं."

शर्ट तिनेच घेतला असणार.

फोटो छान आलाय. आम्ही सगळे हसतोय, त्याच्याकडे बघून.