खुर्चीभोवतीचा गोल

सोमवार, ३ मार्च
गल्लीच्या टोकाच्या हॉलमध्ये मुलींचे ट्रेनिंग सुरू झाले. लीडरशिप आणि लाइफ स्किल. नात ग्रुप लीडर. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण जबाबदारी कळते. उद्यापासून आपल्या घराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर लक्ष ठेवायचे. ट्रेनिंगला माझी एवढी मदत. आमची ही म्हणाली, स्वतःचा चष्मा सापडत नाही, लक्ष कसले ठेवताय. चष्मा डोक्यावर होता.

बुधवार, ५ मार्च
प्रत्येकीला विचारले. कोणाची, कुठे निघालीस, परत कधी, केस मोकळे का. उत्तरे देताना चाचरतात. कॉन्फिडन्स अजिबात नाही. ट्रेनर ताई करते काय? प्रश्न वाढवले पाहिजेत. सराव होईल.

शनिवार, ८ मार्च
बेकरीवाल्याची मुलगी भर रस्त्यात फोनवर खिदळत होती. तिच्या बापाच्या कानावर घातले. कर्तव्य. घरी आल्यावर छातीत धडधड. गॅस असावा.

मंगळवार, ११ मार्च
बेकरीवाल्याची मुलगी वर्गाला येत नाही. तब्येत असेल. आणखी काही जणी गळल्या. उरलेल्या मागच्या गॅरेजच्या बोळातून वळसा घालून जातात. नातसुद्धा. तिथे चिखल, कुत्री. अक्कल गहाण टाकली आहे सगळ्यांनी. नात म्हणाली, मुली अशाच गळत राहिल्या तर वर्ग बंद होईल. मग? ताईचे शिकवणेच कच्चे. निश्चय: उद्यापासून दुपारपासूनच बसायचे.

शुक्रवार, १४ मार्च
पाठ धरली. खुर्ची सोडली नाही. संध्याकाळी ताई सगळ्यांना घेऊन गल्लीत आली. कुठल्या जागी मुलींचे पाय अडखळतात ते मुलींनीच ठरवायचे, तिथे खडूने गोल काढायचा, मग संबंधित माणसाशी बोलून मार्ग काढायचा. हे समोरच्या शिंप्याने सांगितले. एक गोल बंद दिव्याखाली. एक उघड्या गटारापाशी. एक माझ्या खुर्चीभोवती. तो नातीने स्वतः काढला, मला पाय वर घ्यायला लावून. दिव्याची, गटाराची तक्रार करायला वडीलधारा माणूस लागणारच. जागा आधीच राखून ठेवली. पोरगी हुशार. शिंपी कापड तोंडावर धरून हसत होता. जळतो.

शनिवार, १५ मार्च
झाडूवाल्याला माझा गोल पुसू दिला नाही. ट्रेनिंगच्या समारोपाला दोन शब्द बोलावे लागतील. सदरा इस्त्रीला दिला.

सोमवार, १७ मार्च
मुली आल्या, गोलाबाहेर रांगेत उभ्या राहिल्या. मी घसा खाकरून उठणार, तोच नात बोलू लागली.
"आजोबा, तुम्हाला आमची काळजी वाटते, ते कळतं. पण इथून जायची आम्हाला भीती वाटते. तुम्ही अडवून विचारता, मग घरी जाऊन सांगता. बेकरीवाल्याच्या मुलीला आता घराबाहेर पडू देत नाहीत. खुर्ची आत घ्या."
चाचरली नाही.
भीती नक्की कोणाची, असे मी विचारले. नातीने गोलाकडे बोट केले. शिंप्याचे मशीन थांबले होते.
बघतो, म्हटले. ही आतून म्हणाली, बघताय काय, तेच तर बंद करायचंय.

मंगळवार, १८ मार्च
बेकरीत गेलो. गरज नसताना पाव घेतला. बेकरीवाल्याला म्हटले, मुलीला वर्गाला पाठव, त्या दिवशीची ती नसावी. तो म्हणाला, तुम्हीच तर म्हणालात, डोळ्यांनी पाहिली. म्हटले, चष्मा नव्हता. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. असे कोणी बघितले की फार त्रास होतो.

बुधवार, १९ मार्च
खुर्ची आत घेतली. खिडकीशी ठेवली होती, सूनबाईने तिथूनही हलवली. समोर भिंत. बाहेर पावलांचा, हसण्याचा आवाज. पुष्कळ जणी असाव्यात. बेकरीवाल्याची असेल का? उठलो नाही.
नात निघाली. कुठे, परत कधी, सगळे ओठांवर आले. गिळले. तिने हिला सांगितले, सातला येते. मला ऐकू गेले. तेवढ्यावर भागवले.
इस्त्रीचा सदरा घालून बसलो होतो. चुरगळला.